सफरचंदाच्या भावात डॉक्टर

ब्रिटनमध्ये फॅमिली डॉक्टरला जीपी म्हणतात आणि त्याच्या दवाखान्याला ‘सर्जरी’. या सर्जरीत शस्त्रक्रिया होत नाही. फार तर एखादी चामखीळ निघते. कापाकापी व्हायची ती निधीची होते, आणि ती लंडनमध्ये बसून करतात.

जीपी म्हणजे जनरल प्रॅक्टिशनर. फॅमिली डॉक्टर म्हटले की मराठी माणसाच्या डोळ्यांसमोर गल्लीच्या तोंडाशी असलेला दवाखाना, लाकडी बाक, हिरवा पडदा, आतला कंपाउंडर आणि औषधाच्या बाटलीवर डोसांची कातरलेली कागदी पट्टी असे चित्र उभे राहते. त्या डॉक्टरला रुग्ण पैसे देतो, निदान महिनाअखेरीला देतो असे म्हणतो. जीपीला रुग्ण काहीच देत नाही. रहिवाशाने जवळच्या एका सर्जरीत नाव नोंदवायचे आणि नोंदलेल्या डोक्यामागे सरकारने सर्जरीला वर्षाची ठरावीक रक्कम द्यायची, अशी पद्धत आहे. गुडघा धरो, कान वाहो की मन उदास होवो, आधी जीपी गाठायचा. त्याच्या चिठ्ठीवाचून तज्ज्ञाचे तोंड सहसा दिसत नाही.

इतके असून जीपी सरकारी नोकर नसतो. सर्जरी ही त्याची आणि त्याच्या दोन-चार भागीदारांची. नर्सचा नि रिसेप्शनिस्टचा पगार, विजेचे बिल, टेलिफोन, तुटलेल्या खुर्च्या, सगळे त्यांच्या खात्यावर. गिऱ्हाईक मात्र एकच, ते म्हणजे सरकार. भाव सरकार ठरवते, आणि नोंदलेल्या रुग्णाकडून उपचाराचा एक पेनीही घ्यायची सोय नाही. महाराष्ट्रात या वळणाचा एकच धंदा सापडतो, तो रेशन दुकानदाराचा. दुकान त्याचे, माल सरकारचा, भाव सरकारचा, रांग लोकांची आणि शिव्या त्याला एकट्याला. रेशन दुकानात गहू-तांदूळ मिळतात; जीपीकडे दहा मिनिटे मिळतात.

हे दुकान ५ जुलै १९४८ रोजी उघडले. त्या दिवशी नॅशनल हेल्थ सर्व्हिस, म्हणजे एनएचएस, सुरू झाली. तिचा कर्ता आरोग्यमंत्री अन्यूरिन बेव्हन हा वेल्समधल्या खाणकामगाराचा मुलगा आणि पोरवयात स्वतःही खाणीत उतरलेला. फुकट औषधोपचाराची कल्पना लोकांना आवडली, डॉक्टरांना आवडली नाही. ब्रिटिश मेडिकल असोसिएशनने त्या वर्षी फेब्रुवारीत मतदान घेतले, तेव्हा सुमारे ९० टक्के डॉक्टर विरोधात होते. पाच महिन्यांनी त्यांतले बहुतेक योजनेत होते. रुग्णालयांतल्या तज्ज्ञांना बेव्हनने खासगी रुग्ण ठेवायची मुभा देऊन गप्प केले. जीपींना त्याने सांगितले की तुम्हाला पगारी नोकर करणार नाही, आपापल्या दवाखान्याचे मालक राहा. जीपींनी हा आपला विजय मानला. त्या विजयाचे वीजबिल ते अजून भरत आहेत.

या दुकानात एक जुनी वस्तू आधीपासूनच होती. १९११ च्या विमा कायद्याच्या वेळी लॉइड जॉर्ज अर्थमंत्री होता. त्याच्या नावाने ओळखले जाणारे जाड कागदाचे पाकीट प्रत्येक रुग्णामागे ठेवले जाई. आकार वहीच्या अर्ध्या पानाएवढा. माणसाची जन्मभराची दुखणी त्यात बसवायची. रुग्णालयाची पत्रे मोठ्या कागदावर येत, म्हणून ती चार घड्या घालून कोंबायची, आणि पाकीट फुगले की रबरबँड लावायचे. सत्तरी गाठलेल्या रुग्णाचे पाकीट पुरणपोळीसारखे टम्म असे. संगणक आल्यावरही ही पाकिटे कपाटांतून हलली नाहीत. पुढे त्यांचे स्कॅनिंग करण्याचे ठरले. तोवर कित्येक सर्जऱ्यांत तपासणीच्या खोल्या कमी आणि पाकिटांच्या जास्त, अशी स्थिती होती.

पहिली दहा-पंधरा वर्षे हलाखीची गेली. जोसेफ कॉलिंग्ज नावाच्या ऑस्ट्रेलियन डॉक्टरने इंग्लंडमधले दवाखाने हिंडून पाहिले आणि १९५० मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात त्यांचे असे वर्णन छापले की वाचणाऱ्याला तिथे आजारी पडण्याची भीती वाटावी. १९६५ मध्ये जीपींचा धीर सुटला. संघटनेने सुमारे १८,००० राजीनामे गोळा केले, तारखेची जागा कोरी ठेवून. खिशातले राजीनामे ही चीज महाराष्ट्राला नवी नाही, पण इथल्यापेक्षा त्या राजीनाम्यांचा उपयोग झाला. १९६६ च्या ‘फॅमिली डॉक्टर चार्टर’ने दवाखान्यातल्या नोकरांच्या पगाराचा मोठा भाग सरकारने उचलायचा ठरले, जागेसाठी मदत आली, आणि जीपी प्रथमच हात धुवायला बेसिन व मदतीला नर्स बाळगू लागला.

तरी डॉक्टर कमीच पडत. इंग्रज डॉक्टर ऑस्ट्रेलिया-कॅनडाकडे जात होते आणि त्यांच्या रिकाम्या खुर्च्यांवर भारतातून, पाकिस्तानातून, श्रीलंकेतून आलेले डॉक्टर बसत होते. पुण्या-मुंबईच्या मेडिकल कॉलेजांतून ‘एफआरसीएस करून दोन वर्षांत परत येतो’ असे घरी सांगून निघालेल्या मुलांचाही त्यांत वाटा होता. शल्यविशारदाची बरी जागा गोऱ्या उमेदवाराला मिळे. काळ्या उमेदवाराला दक्षिण वेल्सच्या कोळशाच्या खोऱ्यातली किंवा उत्तरेकडच्या गिरणगावातली सर्जरी मिळे. दोन वर्षांची चाळीस वर्षे झाली. ज्युलियन ट्यूडर हार्ट हा डॉक्टर अशाच एका खोऱ्यात, ग्लिनकोरुग नावाच्या खाणगावात, काम करी. जिथे उपचारांची गरज सर्वांत जास्त तिथे चांगला डॉक्टर मिळण्याचा संभव सर्वांत कमी, असा नियम त्याने १९७१ मध्ये मांडला. तो आजही वैद्यकाच्या विद्यार्थ्यांना शिकवतात. सरकारेही तो न चुकता पाळतात.

या डॉक्टरांना इंग्रजी येत होते. तिथल्या रुग्णांना येते याची मात्र खात्री देता येत नसे. यॉर्कशरचा म्हातारा ‘नॉबट मिडलिंग’ आहे म्हणे, तेव्हा तो धड बरा नाही आणि धड आजारीही नाही, असा अर्थ असे. हे कोणत्याही पाठ्यपुस्तकात नव्हते. आता काळाने त्याची फिट्टंफाट केली आहे. लंडनच्या आसपास राहणारा मराठी रुग्ण इंग्रज डॉक्टरपुढे बसून ‘कणकण’, ‘कसर’, ‘अंग मोडून आलंय’, ‘उसण भरली’ आणि ‘पोटात गुबारा धरलाय’ यांचे इंग्रजी शोधत असतो. दहा मिनिटांतली तीन ‘कसर’ समजावण्यात जातात. शेवटी दोघेही ताप नाही यावर एकमत करतात आणि पॅरासिटामॉल घेऊन रुग्ण घरी जातो. तिथला डॉक्टर कशालाही पॅरासिटामॉलच देतो, ही ब्रिटनमधल्या तमाम भारतीयांची तक्रार आहे. सुई टोचली नाही म्हणजे पैसे फुकट गेले, असे मानायची सवय. आणि इथे तर पैसेच दिलेले नसतात, त्यामुळे ते फुकट गेल्याचे समाधानही मिळत नाही.

आता भावाकडे वळता येईल. २०२४ मध्ये इंग्लंडमधल्या सर्जरीला एका रुग्णामागे वर्षाला मूळ रक्कम १०७.५७ पौंड मिळत होती. डॉक्टरांच्या संघटनेने तिला दिवसांनी भागले. उत्तर आले ३० पेन्स, म्हणजे एका सफरचंदाच्या किमतीपेक्षा कमी. रोज एक सफरचंद खा आणि डॉक्टरला दूर ठेवा, ही म्हण मराठी शाळेतल्या पोरांनाही इंग्रजीच्या तासाला घोकावी लागते. ब्रिटिश अर्थखात्याने तिच्यातला आरोग्याचा भाग सोडून फक्त हिशेबाचा घेतला असावा. या ३० पेन्सांत रुग्णाने वर्षातून कितीही वेळा यावे. पुण्याच्या खानावळीत अमर्याद थाळीला निदान ‘पान वाया घालवू नये’ अशी पाटी असते.

ही रक्कमही सर्वांना सारखी नाही. २००४ पासून कार-हिल नावाचे सूत्र लावतात. त्यात म्हाताऱ्यांचे, तान्ह्या मुलांचे आणि नव्याने नाव नोंदवलेल्यांचे ‘वजन’ जास्त धरतात, कारण ते दवाखान्यात जास्त येतात. गरिबीचे वजन या काट्यावर नीट उतरत नाही, अशी जुनी तक्रार आहे. चाळिशीतला खाणगावचा माणूस सत्तरीच्या माणसाइतका खंगलेला असला तरी काट्यावर तो चाळिशीचाच भरतो.

त्याच वर्षी गुणपत्रिकाही आली. रक्तदाब तपासला, सिगारेट ओढता का विचारले, साखर मोजली की गुण मिळायचे. एकूण १०५० गुण, आणि गुणांवर पैसे. साधारण ७५ टक्के गुण मिळतील असा सरकारचा अंदाज होता. आयुष्यभर परीक्षा देऊनच डॉक्टर झालेल्या लोकांनी पहिल्याच वर्षी सरासरी ९० टक्क्यांच्या वर गुण काढले. खर्च अंदाजाबाहेर गेला. कोचिंग क्लासच्या देशातल्या कोणाही माणसाला सरकारने आधी विचारले असते, तर हे असेच होणार हे त्याने सांगितले असते.

याच सुमारास ४८ तासांचा दंडक होता. अपॉइंटमेंट मागणाऱ्याला दोन दिवसांच्या आत डॉक्टर मिळालाच पाहिजे. सर्जऱ्यांनी यावर नामी तोड काढली. पुढच्या आठवड्याची अपॉइंटमेंट द्यायचीच नाही, म्हणजे दोन दिवसांपेक्षा जास्त कोणी थांबल्याची नोंदच होत नाही. २००५ च्या निवडणुकीआधी एका दूरचित्रवाणी कार्यक्रमात प्रेक्षकांतल्या एका बाईने पंतप्रधान टोनी ब्लेअर यांना हे ऐकवले. असे घडते हे आपल्याला ठाऊकच नव्हते, हे त्यांच्या चेहऱ्यावर साऱ्या देशाने पाहिले. दंडक घालणाऱ्याला त्याचा परिणाम टीव्हीवर कळतो, हा लोकशाहीचा एक लाभ म्हणावा लागेल.

२०१० नंतर काटकसरीचे युग सुरू झाले. येथे एक बारकावा ध्यानात घेणे जरूर आहे: ब्रिटिश सरकारने आरोग्यसेवेत कपात केली, हे कोणत्याही ब्रिटिश सरकारला मान्य नाही. एनएचएसचा निधी त्या काळातही दर वर्षी वाढतच होता. पूर्वी महागाई वजा जाता वर्षाला सरासरी साडेतीन टक्क्यांच्या आसपास वाढे, तो आता एक टक्क्याच्या आसपास वाढू लागला. दरम्यान माणसे जास्त जगत होती, आणि जास्त जगणाऱ्याला मधुमेह, सांधे आणि हृदय एकदम सांभाळावे लागते. ज्याला चार पोळ्या लागतात त्याच्या पानात एक पोळी पडली, तर तो उपाशी राहिला असे म्हणता येत नाही. पोळी वाढली आहे. वाढली म्हणजे वाढच झाली.

खरी कात्री शेजारच्या घरात चालली होती. म्हाताऱ्यांची घरी जाऊन काळजी घेणारी सेवा स्थानिक कौन्सिलकडे असते, आणि कौन्सिलांचे अनुदान उघडपणे कापले गेले. जी म्हातारी पूर्वी आठवड्यातून चारदा मदतनीस बाईशी बोले, ती आता जीपीशी बोलायला येऊ लागली. तिला दुखत काहीच नसते. एकटेपणावर गोळी नाही आणि दहा मिनिटांत तो जात नाही.

काटकसरीच्या ऐन भरात, २०१२ च्या कायद्याने, स्थानिक आरोग्यसेवेची तिजोरी जीपींच्या मंडळांच्या हाती दिली. नव्या सुनेला सासूने समारंभाने किल्ल्या द्याव्यात आणि डबे उघडून पाहावेत तो तळाला पोहे, असा तो प्रसंग. काय बंद करायचे हे आता गावचा डॉक्टरच ठरवणार होता, म्हणजे शिव्यांचा पत्ताही गावातलाच झाला. ही मंडळे २०१३ मध्ये कामाला लागली आणि २०२२ मध्ये गेली. त्यांच्या आधी ट्रस्ट होते, ट्रस्टांच्या आधी ग्रुप होते. नंतर ४२ बोर्डे आली. २०२५ मध्ये बोर्डांचा कारभारखर्च निम्मा करा असे फर्मान निघाले आणि वरची एनएचएस इंग्लंड ही संस्थाच मोडीत काढण्याची घोषणा झाली. या सर्व काळात आरोग्यखात्यात न अडता चाललेला धंदा पाट्या रंगवणाऱ्याचा.

आश्वासनांना मात्र काटकसर लागू नव्हती. २०१५ मध्ये आरोग्यमंत्री जेरेमी हंट यांनी २०२० पर्यंत सर्जऱ्यांत ५,००० डॉक्टर वाढवण्याचे कबूल केले. २०१९ च्या निवडणुकीत हा आकडा ६,००० झाला. डॉक्टर मोजण्याच्या रीती अनेक आहेत. सरकार शिकाऊ डॉक्टर धरून मोजते, संघटना वगळून मोजते. पूर्ण शिकलेले आणि पूर्णवेळ हिशेबातले जीपी मोजले, तर २०१५ मध्ये ते इंग्लंडात २९ हजारांच्या वर होते आणि २०२३ मध्ये २७ हजारांच्या घरात. एका पूर्णवेळ जीपीमागे सुमारे २,३०० नावे झाली. आश्वासन आणि संख्या यांचे प्रमाण असे व्यस्त राहिले, तर पुढच्या निवडणुकीत कोणी काही कबूल न करणेच हिताचे.

या २,३०० नावांची डॉक्टरशी गाठ कशी पडते, हे पाहण्यासारखे आहे. सर्जरीचा फोन सकाळी आठला सुरू होतो. सात एकोणसाठला गावातला निम्मा आजार फोनवर बोट ठेवून बसलेला असतो. आठला सगळे एकदम लावतात. ‘रांगेत आपला क्रमांक तेविसावा’ असे यंत्र सांगते आणि मध्ये संगीत ऐकवते. हे संगीत सर्व सर्जऱ्यांत सारखेच वाईट असते. आठ वीसला दिवसाच्या जागा संपतात. बाविसाव्याला जागा मिळाली आणि तेविसाव्याला ‘उद्या सकाळी आठला फोन करा’ असे उत्तर मिळाले, तर तेविसावा रिसेप्शनिस्टला जे बोलतो ते छापता येत नाही. आपल्याकडे तत्काळ तिकिटासाठी सकाळी दहाला बसणाऱ्यांना यातले मर्म कळेल. फरक एवढाच की तत्काळला ‘तुम्हाला नक्की जायचे कशाला?’ असे कोणी विचारत नाही. ब्रिटिश रिसेप्शनिस्ट विचारते. कोणाला डॉक्टर हवा, कोणाला नर्स, कोणाला औषधाचा दुकानदार पुरे, हे वाटून देण्याचे शिक्षण तिला दिले असून तिला ‘केअर नॅव्हिगेटर’ असे पदही आहे. पद वाढले तेव्हा पगार त्याच वेगाने वाढल्याचे आढळत नाही.

जागा मिळालेला रुग्ण आत येतो आणि दहा मिनिटे सुरू होतात. तो सत्तरीचा असेल तर बाकापासून खुर्चीपर्यंत यायला एक मिनिट. कोट, त्याखाली कार्डिगन, त्याखाली बनियन, हे उतरवायला दोन. हवेविषयी बोलायला अर्धा. हे टाळता येत नाही, टाळले तर डॉक्टर तुसडा ठरतो. मग तक्रार. भिंतीवर ‘एका अपॉइंटमेंटला एकच तक्रार’ असा कागद चिकटवलेला असतो, पण रुग्ण घरून यादी लिहून आणतो, आणि यादी घडी घातलेली असेल तर ती उघडताना कोणत्याही डॉक्टरच्या पोटात गोळा येतो. गुडघ्याचे ऐकत असताना संगणकावर चौकोन उघडतात: रक्तदाब घेतला का, वजन घेतले का, सिगारेट विचारली का. डॉक्टर गुडघा दाबता दाबता सिगारेटचे विचारतो. सिगारेटचा गुडघ्याशी काय संबंध, हे रुग्ण परत विचारतो. नववे मिनिट संपते. रुग्ण उठतो, कोट चढवतो, दाराच्या मुठीवर हात ठेवतो आणि म्हणतो, ‘जाता जाता एक, डॉक्टर, गेले दोन आठवडे जिना चढताना छातीत दाटून येतं.’

मुठीवर हात ठेवून सांगितलेली तक्रार ही जीपींच्या बोलण्यातली नेहमीची गोष्ट आहे, आणि बहुधा तीच खरी असते. ‘येतो हं’ म्हणून उंबऱ्यात अर्धा तास बोलणाऱ्या मराठी माणसाला याचे नवल वाटू नये. रुग्ण पुन्हा बसतो. कोट पुन्हा उतरतो. बाहेर बाकावरच्या पुढच्या माणसाची घड्याळाकडे नजर जाते. दुपारपर्यंत सर्जरी पन्नास मिनिटे मागे असते.

दहा मिनिटे थोडी की पुष्कळ, हे कुठे उभे राहून पाहता त्यावर आहे. ‘बीएमजे ओपन’ या वैद्यकीय नियतकालिकात २०१७ साली ६७ देशांतल्या अशा भेटींच्या वेळेचा आढावा छापून आला. स्वीडनमध्ये डॉक्टर साडेबावीस मिनिटे देतो, ब्रिटनमध्ये सव्वानऊच्या आसपास, भारतात दोनच्या आसपास आणि बांगलादेशात ४८ सेकंद. भारतीय डॉक्टरला दहा मिनिटे दिली तर उरलेल्या आठांचे काय करावे, हा प्रश्न पडेल. मात्र जीपीची दहा मिनिटे नुसत्या भेटीची नसतात. भेटीची नोंद, तपासणीची मागणी, तज्ज्ञाला पत्र, औषधाची चिठ्ठी हे सगळे त्यातच बसवायचे, नाहीतर रात्री घरी नेऊन करायचे. म्हणून आठवड्यात तीन दिवस काम करणाऱ्या जीपीला वृत्तपत्रे पार्टटाइम म्हणतात आणि त्याच्या घरचे निराळेच काही म्हणतात.

टपालाचा मुद्दा स्वतंत्र आहे. रुग्णालयातून सुटलेल्या प्रत्येक रुग्णाबरोबर एक पत्र येते आणि त्यात ‘जीपींनी कृपया’ असे शब्द असतात. जीपींनी कृपया दोन आठवड्यांनी रक्त तपासावे. जीपींनी कृपया आमच्याच दुसऱ्या विभागाकडे पाठवावे. जीपींनी कृपया अहवाल आला का ते पाहावे. हा ‘कृपया’ मराठी सरकारी पत्रातल्या ‘उचित कार्यवाहीस्तव’चा सख्खा भाऊ आहे, अर्थ एकच, आता हे तुमचे. इंग्लंडमधल्या रुग्णालयांची प्रतीक्षा यादी २०२३ मध्ये ७७ लाखांवर गेली होती. खुब्याच्या शस्त्रक्रियेसाठी वर्षभर थांबलेला माणूस त्या वर्षात रुग्णालयात जात नाही, जीपीकडे जातो: वेदनाशामक वाढवायला, कामावर जाता येत नसल्याचा दाखला घ्यायला, यादीत आपण कितवे हे विचारायला. बंदुकीचा परवाना हवा असेल तर पोलीस जीपीला लिहितात. घर बदलून हवे असेल तर कौन्सिल जीपीची चिठ्ठी मागते. मूल तीन दिवस शाळेत गेले नाही तर शाळाही मागते. ब्रिटनमध्ये तलाठी नसल्याची उणीव अशी भरून निघाली आहे.

डॉक्टर कमी पडतात हे दिसल्यावर सरकारने २०१९ मध्ये शेजारशेजारच्या सर्जऱ्यांचे गट बांधले आणि त्यांना नव्या नेमणुकांसाठी पैसे दिले. या पैशांतून औषधतज्ज्ञ नेमता येत, फिजिओथेरपिस्ट नेमता येत, एकट्या म्हातारीला बागकाम मंडळाची वाट दाखवणारा ‘सोशल प्रिस्क्रायबर’ही नेमता येई. हे सारे लोक उपयोगाचे होते आणि आहेत. फक्त डॉक्टर नेमता येत नव्हता. ज्या सर्जरीला डॉक्टर हवा होता तिच्या मूळ रकमेत तो बसत नव्हता, आणि ज्या पैशांत तो बसला असता ते त्याच्यावर खर्चायला मनाई होती. २०२४ उजाडेपर्यंत एक अपूर्व अवस्था आली: रुग्णांना जीपी मिळत नव्हते आणि नव्याने शिकून तयार झालेल्या जीपींना नोकऱ्या मिळत नव्हत्या. दोघेही तक्रार करायला एकाच खासदाराकडे जात, आणि ब्रिटनमध्ये खासदाराच्या भेटीच्या वेळेलाही ‘सर्जरी’च म्हणतात. त्या ऑक्टोबरापासून सरकारने ८.२ कोटी पौंड काढून हजारभर नवे जीपी नेमायची परवानगी दिली.

त्याच महिन्याच्या अर्थसंकल्पात मालकांनी नोकरांमागे भरायचा विमा हप्ता वाढला. सरकारी संस्थांना तो भरून मिळणार होता. जीपींनी विचारले, आम्हाला? उत्तर आले की तुम्ही खासगी. खासगी असू तर आमचा भाव आम्ही ठरवतो, असे त्यांना म्हणता येत नव्हते, कारण भावापुरते ते सरकारी होते. रेशन दुकानदाराची उपमा वर दिली आहे ती याचसाठी.

याच्या दोन-तीन महिने आधी, १ ऑगस्ट २०२४ पासून, इंग्लंडमधल्या जीपींनी सामुदायिक कारवाई सुरू केली होती. मतदान करणाऱ्यांपैकी ९८.३ टक्के तिच्या बाजूने होते. १९४८ नंतर इतके एकमत क्वचित झाले असेल. संघटनेने दहा उपाय सुचवले आणि ज्या सर्जरीला जो पेलेल तो तिने करावा असे ठरले. त्यांतला एक असा: दिवसाला पंचवीसपेक्षा जास्त रुग्ण पाहू नयेत. पंचवीस ही संघटनेच्या मते सुरक्षित मर्यादा होती. म्हणजे सुरक्षित ठरते तेवढेच काम करणे हाच निषेध झाला. अन्यत्र निषेध करणारे काम बंद ठेवतात आणि लोकांच्या ते लगेच लक्षात येते. इथे काही रुग्णांना डॉक्टर त्या दिवशी जरा निवांत वाटला असेल, एवढेच.

फेब्रुवारी २०२५ मध्ये नवा करार झाला आणि ८८.९ कोटी पौंडांची भर पडली. रुग्णामागची मूळ रक्कम वर्षाला १२० पौंडांच्या थोडी वर गेली, म्हणजे दिवसाला साधारण ३३ पेन्स. सफरचंदाचा भाव करारात धरलेला नाही.